काचेखालचे पाहुणे

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज दुकान उघडलं. म्हणजे उघडायला गेले आणि शटरची किल्लीच सापडेना! किल्ल्यांचं दुकान, भिंतभर किल्ल्या टांगलेल्या, आणि मालकीण बाहेर फुटपाथवर उभी. यांच्या खिशातली किल्ली दवाखान्यातून आल्यावर लेकीने 'जपून' ठेवली होती. इतकी जपून की तिलाच आठवेना. शेवटी फ्रीजवरच्या टोपलीत निघाली. हे असते तर संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्या रस्त्याला सांगून झाली असती, दरवेळी थोडी वाढवून. मी कुणाला सांगितली नाही. इथे लिहिली, बस.

आत सगळं तसंच. मागे माझं किल्ल्या कापायचं मशीन, पुढे यांची खुर्ची. लग्न झाल्यावर थोड्याच दिवसांत आमची वाटणी होऊन गेली होती — मी मशीन चालवायचं, यांनी तोंड. आता दोन्ही माझ्याकडे. मशीन चालेल. तोंडाचं बघू.

५ फेब्रुवारी, गुरुवार

गिऱ्हाइकं कमी, सांत्वन करणारे जास्त. "देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात." हे वाक्य आज पुन्हा ऐकलं. मग जावईबापूंची काळजी करायला नको.

दुपारी काउंटरची काच पुसली. काचेखाली यांचे 'पाहुणे' आहेत. खोट्या नोटांना हे पाहुणे म्हणायचे. कुणी खोटी नोट गळ्यात मारली तर ती दुसऱ्याच्या गळ्यात मारायची नाही, हा यांचा नियम. फार पूर्वी एकदा अशी नोट घेऊन चौकीवर गेले होते. तिथे यांनाच दुपारभर बसवून विचारलं — "कुठे छापता?" तेव्हापासून नोटेला मधोमध भोक पाडायचं आणि काचेखाली सरकवायची. एकेकाला नाव. हा 'नवरदेव' — नको तिथे चमकणारा. हा 'मास्तर' — छापणाऱ्याने चेहरा रागीट केलाय. ही 'गरीब गाय' — पहिल्याच घामाला रंग सोडला.

गिऱ्हाइकांना हा खेळ फार आवडायचा. हे डोळे मिटायचे, नोट दोन बोटांत धरायची, किंचित चोळायची — "ही आपल्यातली नाही!" आणि टाळ्या. मी मागे मशीनवर. टाळ्या ऐकू यायच्या नाहीत, पण मान डोलताना दिसायची.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

दूध केंद्रावरची बाई आली. दुःख व्यक्त केलं, डोळे पुसले, मग पर्समधून पाचशेची नोट काढली. म्हणे, "ताई, आत्ता बोलू नये, पण ही दादांनी दिली होती मला. सुटे मागायला आले होते तेव्हा. खोटी आहे हो."

मी नोट चोळली. खोटीच. पण यांनी दिली? यांनी! ज्यांनी आयुष्यात एक पाहुणा बाहेर जाऊ दिला नाही त्यांनी? मेलेला माणूस नाही म्हणायला येत नाही, हे तिला बरं सुचलं. गल्ल्यातून चांगली पाचशेची दिली. ती "राहू द्या, राहू द्या" म्हणत झटकन पर्समध्ये टाकून गेली.

८ फेब्रुवारी, रविवार

लेक कपाट आवरायला आली. कपाटात टी-शर्टच टी-शर्ट. गेल्या वर्षी यांना एकाएकी तरुणपण आलं होतं. आयुष्यभर इस्त्रीचे शर्ट, आणि एक दिवस डोक्यातून घालायचे रंगीत टी-शर्ट! एकावर तर सायकल चालवणारं माकड. मी म्हटलं होतं, "आता केसही रंगवा, म्हणजे माकडाला सोबत होईल." हसले होते.

लेक म्हणाली, "शर्ट देऊन टाकू, टी-शर्ट तू घरात वापर." माकड मी ठेवून घेतलं. फडकं म्हणून. असं तिला सांगितलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

जावईबापू दुकानात आले. एका कंपनीत 'बदल व्यवस्थापन' बघतात. नक्की काय बदलतात ते लेकीलाही माहीत नाही. आज माझं दुकान बदललं. काउंटरवर एक चौकोनी कोड चिकटवला — नाव नाही, गाव नाही, नुसते ठिपके आणि निळी किनार — आणि शेजारी एक बोलका डबा. कुणी फोनने पैसे दिले की माझ्या खात्यात जमा, आणि डबा ओरडून सांगणार.

"आई, आता खोट्या नोटांची भानगडच मिटली. नोटच नाही तर खोटी कुठून येणार?"

आवाज न चढवता बोलतात, त्यामुळे खरं वाटतं. यांच्यासमोर हा विषय निघाला की हे म्हणायचे, "फोनला पैसे द्यायचे, तर मग चहाही फोननेच पाजावा!" गिऱ्हाईक फोन काढायला लागलं की हे हात पुढे करून उभे. शेवटपर्यंत चौकोन लावू दिला नाही. मला कुणी विचारलं नाही, मीही नाही म्हटलं नाही. सुटे मोजताना बोलावं लागतं. डब्याशी बोलावं लागणार नाही, एवढा फायदा.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

डबा म्हणजे शिक्षा आहे. जत्रेत मूल हरवल्याची घोषणा करावी तशा आवाजात एक बाई माझी कमाई जाहीर करते. रस्त्यापलीकडचा न्हावी कात्री थांबवून ऐकतो! मी बटण दाबून आवाज अगदी खाली आणला. तरी कुजबुजते. मग माकडाचा टी-शर्ट वरून गुंडाळला. आता घशात काही अडकल्यासारखी बोलते. चालेल.

एक माणूस भिंतीवरची तयार किल्ली काढून म्हणाला, "ही द्या की, सेम तर आहे." त्याला सांगितलं, दिसायला सारखी आहे म्हणून कुलपाला लागेलच असं नाही. एवढं एकच वाक्य आहे जे मी गिऱ्हाइकांना न चुकता ऐकवते. त्याला पटलं नाही. घेऊन गेला. उद्या येईल.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मशीनचा पट्टा तुटला. जादा पट्टे यांच्या खणात असतात — खुर्चीखालचा खण, ज्यात हात घालायची मला सोय नव्हती. "तिथे पसारा आहे, तुझा हात कापेल." आज घातला. पसारा खराच. पट्ट्यांच्या खाली एक पाकीट मिळालं, आत अगदी तसाच निळ्या किनारीचा कोड आणि तसाच एक डबा, न उघडलेला. जावईबापूंनी जादाचा आणून ठेवलेला दिसतो. सगळं दोन-दोन घ्यायची सवय आहे त्यांना. लेकीच्या घरी मिक्सरही दोन आहेत. बरं झालं, माझा चौकोन तेलाच्या हातांनी आणि पितळेच्या चुऱ्याने काळा पडला होता. "काकू, स्कॅन होत नाही" — दिवसभर हेच. नवा त्यावरच चिकटवला. लख्ख!

पाकिटाखाली आणखी काही होतं. कागदात गुंडाळलेल्या नोटा. तीन. तिन्ही खोट्या. भोक न पाडलेल्या.

भोक का नाही पाडलं?

१८ फेब्रुवारी, बुधवार

डबा आज पूर्ण गप्प. बिघडला. देव आहे.

२१ फेब्रुवारी, शनिवार

त्या तीन नोटा डोक्यातून जात नाहीत. आलेला पाहुणा हे सगळ्यांना दाखवायचे. हे तीन लपवले. भोक पाडलेली नोट चालत नाही. न पाडलेली चालवता येते. दूध केंद्रावरच्या बाईला मी मनात खोटारडी म्हटलं होतं. आता कुणाला म्हणू?

गेलं वर्षभर हे गल्ल्यावरून नोट मागे सरकवायचे — "थांबा, मोठ्या साहेबांना दाखवतो!" गिऱ्हाईक हसायचं, मी मशीन थांबवून नोट बघायची, मान हलवायची, पुन्हा मशीन चालू. मी चिडायचे. "स्वतःला कळतं ना? मग मला कशाला उठवता?" यावर म्हणायचे, "तेवढंच तुझं तोंड दिसतं."

आता वाटतं, मला गुंतवून ठेवत होते की काय. छे! काहीतरीच लिहिते आहे.

२८ फेब्रुवारी, शनिवार

जावईबापू महिन्याचा हिशेब बघायला आले. फोनमध्ये माझं खातं उघडलं आणि चेहरा असा केला जणू कंपनीत काहीच बदलायचं उरलं नाही. गेल्या दहा-बारा दिवसांत माझ्या खात्यात काही जमाच नाही. रोख गल्ल्यात येते तेवढीच.

"गिऱ्हाइकं येतात ना, आई?"

"येतात. फोन दाखवतात. हिरवी खूण असते."

ते हळूच हसले. मूल पडल्यावर मोठी माणसं हसतात तसं. म्हणाले, हल्ली खोट्या हिरव्या खुणा निघाल्या आहेत. फोनमध्ये दिसतं पैसे गेले, प्रत्यक्षात काही जात नाही. म्हणून तर डबा असतो! "डबा बोलला का?"

डबा माकडाखाली गप्प होता. मी तो बिघडलाय म्हणून खूश होते, हे सांगितलं नाही.

थोडक्यात, नोटच नाही तर खोटी कुठून येणार, याचं उत्तर मिळालं. खोटी नोट छापायला निदान कागद लागतो, शाई लागते, कुणीतरी रात्र घालवतं. आणि ती आपल्या हातात तरी येते! हिला काचेखाली कशी ठेवणार?

मग मुद्द्यावर आले. मोबाईलची कव्हरं विकणारा एक जण गाळा भाड्याने मागतोय. "तुम्हाला दगदग नको. पुढे बसून लोकांशी बोलणं हा तुमचा स्वभाव नाही." बरोबर आहे. इतकं बरोबर की राग आला. मी म्हटलं, आठवडाभराने सांगते.

मशीनचं काय करणार, असंही विचारलं. "भंगारवाला वजनावर घेतो," म्हणाले. त्यांनी चौकशी आधीच केलेली आहे.

३ मार्च, मंगळवार

आज एक चोर पकडला.

शाळेतल्या बाई. दर वर्षी वर्गाच्या कपाटाची किल्ली हरवतात आणि नवी करून नेतात. आजही आल्या, यांच्याबद्दल चार चांगली वाक्यं बोलल्या, फोन चौकोनासमोर धरला आणि मला दाखवला — "झाले हं ताई." मी डब्याकडे बघितलं. टी-शर्ट काढून ठेवलाय, आवाज पूर्ण वर. चूं नाही.

मी म्हटलं, "ते चित्र राहू द्या. पैसे द्या."

"अहो, गेलेत ना. हे बघा—"

"मला बघायचं नाही. असली चित्रं काढता येतात."

दुकानात आणखी दोघं होते. बाईंचं तोंड लाल झालं, मग पांढरं. पर्समधून नोट काढली, काचेवर ठेवली, नेमकी 'मास्तर'वर. मी ती उजेडात धरून बघितली. त्यांच्यादेखत! मग किल्ली दिली. दारात वळून म्हणाल्या, "ते असते तर..." आणि वाक्य तसंच सोडून गेल्या. वर्गात मुलांना गाळलेल्या जागा भरायला देतात, तशी.

मला चांगली झोंबली. पण जावईबापू म्हणतात ते खरं — इतकी वर्षं तोंड यांनी चालवलं, म्हणून मला लोक कसे असतात ते कळलंच नाही.

४ मार्च, बुधवार

सगळ्यांकडे रोख मागितली. लोक असे बघतात जणू त्यांचा दातच मागितला. बरेच जण परत गेले. जे राहिले त्यांच्या नोटा मी चोळून घेतल्या. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत.

६ मार्च, शुक्रवार

ठरवलं. जावईबापूंना फोन करून हो म्हटलं. कव्हरवाला सोमवारी गाळा बघायला येणार. भंगारवालाही सोमवारीच. एकाच दिवसात उरकलं की बरं.

संध्याकाळी शेजारचे शिंपीभावजी आत आले. यांचे दोस्त, भिंतीला भिंत लागून दुकान, रोजचा दुपारचा चहा एकत्र.

"वहिनी, गाळा देताय म्हणे? का?"

"पैसेच येत नाहीत. लोक खोटे फोन दाखवून जातात."

"काय सांगता! सोमवारी मी दिले ना ट्रंकेच्या किल्लीचे?"

"सगळेच म्हणतात, दिले."

चटकन लागलं त्यांना. "मी खोटा फोन दाखवीन? मी?" फोन काढला, चौकोनासमोर धरला. "एक रुपया टाकतो. तुमच्यासमोर. हां — गेला. वाचा, कुणाला गेला."

चष्मा लावला. वाचलं.

यांचं नाव. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. खाली हिरवी खूण.

"बरोबर आहे ना मग? त्याचाच तर कोड आहे हा," भावजी म्हणाले. "त्याने घेतलेला. मला वाटलं, तुम्ही शेवटी लावलात..." आणि माझ्या तोंडाकडे बघून मध्येच थांबले. "इस्त्री चालू राहिलीय माझी," म्हणाले आणि निघाले. इस्त्री त्यांचा कारागीर करतो.

म्हणजे तो जादाचा कोड जावईबापूंचा नव्हताच. दिसायला सारखा आहे म्हणून मी लावला! मी! रोज दुसऱ्यांना शहाणपण शिकवणारी! माझा डबा बिघडलेला नव्हता, त्याला बोलायला काही नव्हतं. सगळे पैसे यांच्या खात्यात. प्रत्येक गिऱ्हाइकाने फोनवर यांचं नाव बघितलं आणि कुणालाच काही वाटलं नाही. दुकान यांचंच तर आहे.

आणि शाळेतल्या बाईंनी पैसे दोनदा दिले.

७ मार्च, शनिवार

यांचा फोन कपाटातून काढून चार्ज केला. थांबता थांबेना, कुठल्या कुठल्या किल्लीचे पैसे आल्याचे निरोप वाजत राहिले. गेलेला माणूस पंधरा-वीस दिवसांत माझ्यापेक्षा जास्त कमावतो! मृत्यूच्या दाखल्याचं काम लांबलं म्हणून बँकेला अजून कळलेलं नाही. तोवर यांचा धंदा जोरात.

राग आलाय. लिहूनच टाकते. चारचौघांत फोनवाल्यांची टिंगल करायची आणि आपण गुपचूप कोड आणून खणात ठेवायचा. खोट्या नोटाही त्याच खणात. हात कापेल म्हणे! एकाच दुकानात, एका हाताच्या अंतरावर बसून इतकी वर्षं काढली. आणखी काय काय लपवलंय? त्या तीन नोटा कुणाच्या गळ्यात मारायच्या होत्या? दूध केंद्रावरच्या बाईसारखे आणखी किती?

बाईंच्या शाळेत जाऊन आले. नोट परत केली, चुकले म्हणाले. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मी काय सफाई देणार? ज्यांच्या नावाने मान वर करून बसायचे, त्यांचाच भरवसा वाटेनासा झालाय.

सोमवारी गाळा जाऊ दे. मशीनही.

९ मार्च, सोमवार

भंगारवाला यायच्या आधी भावजींच्या दुकानात गेले. म्हटलं, सांगा. इस्त्रीचं नाव काढू नका.

शिलाई मशीनवरून मान वर न करता बोलले. "वर्षभरापूर्वी तो शर्ट घेऊन आला होता माझ्याकडे. म्हणाला, बटणं काढ, टिचबटणं लाव. मी म्हटलं, वहिनी लगेच ओळखतील. मग टी-शर्ट घेतले. साखरेच्या दुखण्याने बोटं बधिर झाली होती हो त्याची. काही लागायचं नाही हाताला. एकदा म्हणाला, नोट आहे की रुमाल, कळत नाही रे. तीन खोट्या घेऊन बसला होता. एक तर हातून पुढेही गेली, कुणाला ते आठवेना — रडला होता इथे. मग तो कोड आणला. लावला मात्र नाही. म्हणाला, लावला तर ही विचारेल, का."

माकड. मी वर्षभर हसले.

तिन्ही नोटांना भोक पाडलं. काचेखाली ठेवल्या. नावं ठेवायची आहेत.

भंगारवाल्याला परत पाठवलं. जावईबापूंना सांगितलं, गाळा द्यायचा नाही. यांचा डबा उघडून काउंटरवर लावला, आवाज पूर्ण वर. न्हाव्याने कात्री थांबवली.

बँकेला कळवायला हवं. कळवीन. घाई काय आहे!